जुनं वर्कस्टेशन, घरचा सर्व्हर आणि वाढलेलं बिल: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या घरी फोटो-व्हिडिओ साठवायचा सर्व्हर कसा उभा करायचा ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न बिलाचेच आहेत, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देतोय. रत्नागिरीत माझ्याकडे अशी जुनी मशिनं दुरुस्तीला येतात, त्यामुळे खाली जे आकडे दिलेत ते बहुतेक प्लगला मीटर लावून बघितलेले आहेत, कंपनीच्या कागदावरचे नाहीत.

प्रश्न (गुहागर तालुका): नमस्कार दादा. माझं लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम आहे. तीन वर्षांपूर्वी भावाने मुंबईच्या एका ऑफिसातून निघालेलं वर्कस्टेशन, म्हणजे जड कामाचा मोठा पीसी, आणून दिलं, इंटेलचे दोन झिऑन प्रोसेसर, रॅमच्या सहा पट्ट्या मिळून २४ जीबी, क्वाड्रो ग्राफिक्स कार्ड, विंडोज १०. त्यात मी चार हार्डडिस्क टाकल्या आणि स्टोरेज सर्व्हर केला. एडिटिंग दुसऱ्या पीसीवर करतो, रात्री आठनंतर दिवसभराचं शूट यावर टाकतो, घरचे कधीतरी टीव्हीवर जुने व्हिडिओ बघतात, बस्स. पण मशीन २४ तास चालू. आधी महिन्याला १९० च्या आसपास युनिट यायचे ते आता २९० येतात आणि मे महिन्यात तर ३०० च्या वर. प्लगचा मीटर लावला, काही काम नसताना १४२ वॅट. काय काय काढू आणि काय बदलू?

उत्तर: मीटर लावून आकडा पाठवलात हे फार बरं केलंत, नाहीतर लोक प्रोसेसरच्या खोक्यावरचा आकडा वाचून घाबरतात. १४२ वॅट गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ३.४ युनिट, महिन्याला १०२. तुमचे वाढलेले १०० युनिट तंतोतंत तिथेच आहेत, दुसरीकडे शोधायची गरजच नाही. एक आकडा लक्षात ठेवा, वर्षभर अखंड चालणारा एक वॅट म्हणजे पावणेनऊ युनिट. आणि महावितरणच्या घरगुती बिलात १०० पर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत दुसरा, मग ५०० पर्यंत तिसरा असं चढत जातं, त्यामुळे सर्व्हरचे युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यात पडतात, त्यावर वहन आकार आणि वीज शुल्क वेगळं. तुमचा नेमका दर बिलाच्या मागे बघा, मी इथे हिशोबाला सोपं म्हणून सगळं धरून युनिटला १२ रुपये धरतो.

आता तुम्ही विचारलंत काय काढू. मी आधी उलट विचारतो, २४ तास कशाला? तुमच्याच पत्रात उत्तर आहे की रात्री आठनंतर काम. मशीन संध्याकाळी सातला चालू आणि रात्री बाराला बंद, असं पाच तास ठेवलं, तर एक स्क्रू न काढता दिवसाला पाऊण युनिट होतं. त्यात बंद असताना ती जे दोन-तीन वॅट खाते तेही धरलेत. महिन्याला १०२ च्या जागी २३ युनिट. वाचलेल्या ७९ युनिटचे १२ च्या दराने साडेनऊशे रुपये होतात, दर महिन्याला. एवढी मोठी बचत दुसऱ्या कुठल्याही एका गोष्टीने होत नाही आणि तरीही लोक आधी पेचकस शोधतात.

कसं करायचं ते सांगतो. वर्कस्टेशनच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बहुतेक वेळा ठरावीक वेळेला आपोआप चालू व्हायची सोय असते, ऑटो ऑन किंवा पॉवर ऑन अशा नावाने, तिथे सातची वेळ द्या. बंद करायला विंडोजचं टास्क शेड्युलर आहे, बारा वाजता शटडाउन. मध्येच दुपारी कुणाला व्हिडिओ बघायचा झाला तर वेक ऑन लॅन, म्हणजे मोबाइलवरच्या छोट्या अॅपमधून नेटवर्कवर एक पॅकेट जातं आणि मशीन उठते, त्यासाठी ती वायरने राउटरला जोडलेली हवी, बायोसमध्ये हा पर्याय चालू हवा, डीप स्लीप किंवा ईआरपी नावाचं सेटिंग बंद हवं आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा, ते चालू असलं की बंद केलेली मशीन पॅकेटला दाद देत नाही. पूर्ण बंद करण्याऐवजी स्लीप चाललं तर आणखी बरं, पाच-सहा सेकंदांत उठते, पण काही जुन्या वर्कस्टेशनमध्ये झोपेतून उठल्यावर एखादी डिस्क दिसतच नाही, तसं एकदा जरी झालं तर स्लीपचा नाद सोडा आणि सरळ बंद करा.

आपल्याकडची एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. लाइट गेली आणि आली की बऱ्याच जुन्या मशीनमध्ये वेक ऑन लॅन चालत नाही, एकदा नीट चालू होऊन बंद होईपर्यंत नेटवर्क कार्ड जागं नसतं. मग लोक बायोसमध्ये लाइट आली की चालू हे सेटिंग लावतात. जून-जुलैत गुहागरला दहा मिनिटांत चार वेळा लाइट ये-जा करते तेव्हा चार वेळा डिस्क फिरायला लागतात आणि अर्धवट थांबतात, डिस्क मारायचा याहून खात्रीचा उपाय नाही. म्हणून मागे यूपीएस नसेल तर ते सेटिंग बंदच ठेवा, सातच्या ऑटो ऑनवर विसंबा आणि मधल्या वेळेला लागलीच तर उठून बटण दाबा.

एवढं झालं की मग पेचकस. गेल्या वर्षी माझ्याकडे अगदी तुमच्यासारखीच एक मशीन आली होती, दोन झिऑनवालीच, तिचं काय काय झालं ते सांगतो म्हणजे कुठे किती मिळतं याचा अंदाज येईल. आली तेव्हा रिकाम्यात १५१ वॅट. ऑफिसात ती एडिटिंगला होती म्हणून विंडोजचा पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर आणि बायोसमध्ये सी-स्टेट बंद करून ठेवलेले, म्हणजे काम नसतानाही प्रोसेसरला झोपायला बंदी. ती दोन्ही सेटिंग बदलली, १३४. फुकटचे १७ वॅट. मग ग्राफिक्स कार्ड. झिऑनच्या या मशिनांत बोर्डावर डिस्प्ले नसतो आणि कार्ड अजिबात नसलं तर काही मशिनं बीप देऊन थांबतात, म्हणून भलंमोठं क्वाड्रो काढून बिनपंख्याचं लहान जीटी ७१० लावलं, ते पूर्ण जोरात चाललं तरी १९ वॅटच्या वर जात नाही आणि नुसतं बसलेलं असताना त्याच्या कितीतरी खाली. मीटर ११२ वर.

मग दुसरा प्रोसेसर. फाइल साठवायला दोन झिऑन लागत नाहीत, एकसुद्धा जास्तच होतो. दुसरा काढला, त्याच्या बाजूच्या तीन पट्ट्या काढल्या, १२ जीबी राहिली आणि मीटर ८९ वर आला. इथे घाई करू नका, पहिल्या प्रोसेसरच्या खाचांमध्ये रॅम राहिली पाहिजे, रिकाम्या सॉकेटवर झाकण बसवा, आतल्या पिना केसासारख्या असतात, बोट लागलं तरी वाकतात. काही मशिनांत दुसरा प्रोसेसर वेगळ्या रायझर बोर्डावर असतो, मग तो बोर्डच उचलता येतो. आणि पंखा दिसला नाही की काही मशिनं चालू होताना थांबून की दाबायला सांगतात, तुमची तशी असली तर ऑटो ऑनचा बेतच फसेल, तेव्हा बंद करायच्या आधी तपासा.

शेवटी डिस्क. चारपैकी दोन जुन्या ५०० जीबीच्या होत्या, त्यातला माल उरलेल्या मोठ्या दोनवर मावत होता, त्या दोन काढल्या, ७५. उरलेल्या दोन काम नसताना झोपवल्या, ६२. म्हणजे १५१ ची मशीन ६२ वर आली आणि मालकाने वर पाच तासांचं वेळापत्रक लावलं, महिन्याला ११ युनिट.

पण नीट बघा. वेळापत्रकाने तुमचे १०२ चे २३ होतात. पेचकसाच्या सगळ्या कामाने २३ चे ११-१२, म्हणजे महिन्याला १३०-१४० रुपये. करा जरूर, पण पॉवर प्लॅन, सी-स्टेट आणि ग्राफिक्स कार्ड एवढंच आधी करा, प्रोसेसर काढायचा धीर होत नसेल तर राहू दे. पॉवर सप्लाय बदलू का असंही काहीजण विचारतात, वर्कस्टेशनचा सप्लाय आठशे-नऊशे वॅटचा असतो आणि एवढ्या कमी लोडवर तो फार चांगला चालत नाही हे खरंय, पण त्याचे कनेक्टर बऱ्याचदा कंपनीच्याच घाटाचे असतात, साधा सप्लाय बसत नाही, त्या भानगडीत पडू नका.

आणि तुमची विंडोज १०. तिचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. गिऱ्हाइकांच्या लग्नाचे फोटो ज्या मशीनवर आहेत ती तशी नेटवर्कवर ठेवू नका. विंडोजच्या जागी स्टोरेज सर्व्हरसाठीचं ओपनमीडियाव्हॉल्ट टाका, ते फुकट आहे, डेबियन लिनक्सवर चालतं आणि असल्या जुन्या मशीनवर आरामात चालतं.

प्रश्न (वेंगुर्ला): मी ओपनमीडियाव्हॉल्टच वापरतो. चार डिस्क वीस मिनिटांनी झोपतील असं लावलंय पण त्या सारख्या उठतात, रात्री खाडखाड आवाज येतो, आई म्हणते ह्यो डबो रात्रभर कित्याक घुमता. आणि मित्र म्हणतो झोपवल्याने डिस्क लवकर मरते. खरं काय?

उत्तर: मित्राचं अर्धं खरं आहे. मोठी साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत असताना पाच ते आठ वॅट घेते आणि झोपली की एक वॅटच्या आत, म्हणजे चार डिस्कचे वीस-पंचवीस वॅट वाचतात. पण उठताना मोटरला जोर लावावा लागतो आणि साध्या डेस्कटॉप डिस्कला अशा चालू-बंदच्या साधारण ५०,००० फेऱ्या झेपतील असं कंपन्या लिहितात. आता हिशोब करा. दिवसातून चार वेळा उठली तर वर्षाला १,४६०, म्हणजे ५०,००० व्हायला ३४ वर्षं, काळजीच नको. पण दर वीस मिनिटांनी झोपून-उठून दिवसाला ७२ वेळा झालं तर दोन वर्षांच्या आतच आकडा संपतो. तुमची डिस्क दुसऱ्या प्रकारात चाललीय, म्हणून आई बरोबर बोलतेय.

आधी झोपायची वेळ एक तासावर न्या. डिस्क झोपवायची एचडीपार्म ही कमांड हाताने वापरत असाल तर तिथला आकडा फसवा आहे, २४० पर्यंत प्रत्येक अंक म्हणजे पाच सेकंद, म्हणून २४० दिलं की वीस मिनिटं, पण २४१ दिलं की अर्धा तास आणि २४२ दिलं की एक तास.

मग कोण उठवतंय ते शोधा. बहुतेक घरी गुन्हेगार ठरलेले असतात: डिस्कची तब्येत बघणारं स्मार्ट दर अर्ध्या तासाला डोकावतं (त्याला झोपलेल्या डिस्कला हात लावू नको असं सांगायचं सेटिंग असतं, स्टँडबाय म्हणून), टीव्हीसाठीचा मीडिया सर्व्हर फोल्डर धुंडाळत बसतो, थंबनेल बनवणारं फोटो अॅप, आणि घरातल्या एखाद्या विंडोज पीसीवर कायम जोडून ठेवलेली नेटवर्क ड्राइव्ह. एकेक बंद करून एक-एक रात्र बघा. ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचे लॉग मोठ्या डिस्कवर असतील तर मात्र काही केलं तरी ती झोपणार नाही, त्यासाठी जुना १२० जीबीचा एसएसडी टाका, तो वॅटभरही खात नाही.

चारही डिस्क रेड पाचमध्ये, म्हणजे सगळ्या मिळून एकच अशा, बांधल्या असतील तर एक फोटो बघायला चारही उठतात. घरच्या फोटो-सिनेमांना मला मर्जरएफएस आणि स्नॅपरेड या सॉफ्टवेअरची जोडी जास्त पटते, फाइल ज्या डिस्कवर आहे तेवढीच उठते, बाकीच्या झोपलेल्या. स्नॅपरेडमध्ये पॅरिटी, म्हणजे एखादी डिस्क मेली तर तिच्यावरचं परत मिळवायची माहिती, रोज एकदा ठरवून अपडेट होते, त्यामुळे आज टाकलेलं आज रात्रीपर्यंत उघड्यावर असतं, हे माहीत असू द्या. शूटिंगचा रोजचा धंद्याचा माल असेल तर दोन डिस्कचं साधं मिरर बरं, म्हणजे दोन्हींवर तेच.

वीज वाचवायच्या पॉवरटॉप या सॉफ्टवेअरमधलं ऑटो ट्यून एका झटक्यात सगळं चालू करतं, ते जुन्या बोर्डावर करताना जरा जपून. एका मशीनवर त्याने साटाची, म्हणजे डिस्कला जोडणारी, लाइन एवढी झोपवली की आठवड्यातून एकदा डिस्कच गायब व्हायची. दोन वॅटसाठी असलं दुखणं घेऊ नका.

प्रश्न (चिपळूण): ऑनलाइन कमी वॅटचा झिऑन मिळतोय, एल ५६३०, ४० वॅटचा. माझा ९५ वॅटचा एक्स ५६७० आहे. बदलला तर ५५ वॅट वाचतील ना?

उत्तर: नाही वाचणार. ते ४० आणि ९५ हे आकडे प्रोसेसर पूर्ण जोरात राबत असतानाचे आहेत. स्टोरेज सर्व्हरचा प्रोसेसर दिवसातले साडेतेवीस तास रिकामा असतो आणि रिकाम्यात ही दोन्ही भावंडं जवळजवळ सारखीच खातात. आधी सी-स्टेट चालू आहेत का बघा, पैसे ठेवा.

त्याहून जुनी मशीन असेल, २००६ ते २००९ च्या सुमाराची, जिच्या रॅमवर पातळ पत्र्याचं आवरण असतं आणि हात लावला तर चटका बसतो, ती एफबी-डिम रॅम. तिची एकेक पट्टी दहा वॅटच्या आसपास खाते, आठ पट्ट्या म्हणजे रॅमचाच ऐंशी वॅटचा बल्ब. अशा मशीनवर एक रुपया घालू नका, डिस्क काढा आणि ती भंगारात द्या.

चिपळूणचं पत्र आहे म्हणून एक मुद्दाम सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा कितीतरी लोकांचे संगणक टेबलाखाली होते. नंतर चार महिने माझ्याकडे चिखलाने भरलेल्या डिस्क येत होत्या. एका बाईंनी डिस्क दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणली होती, वरच्या भोकातून गाळ आत गेलेला, त्यात त्यांच्या मुलाचे लहानपणापासूनचे सगळे फोटो होते आणि मला काही करता आलं नाही. सर्व्हर जमिनीवर ठेवू नका, माळ्यावर ठेवा, आणि एक कॉपी दुसऱ्या गावात, बहिणीकडे, सासरी, कुठेही.

प्रश्न (श्रीवर्धन): घरात इन्व्हर्टर आहे, १५० एएचची बॅटरी. तरी लाइट गेली की सर्व्हर रीस्टार्ट होतो. वर्कस्टेशन जड पडतंय का?

उत्तर: जड नाही, बदल व्हायला वेळ लागतोय. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असं. नॉर्मलवर बॅटरीकडे जायला जास्त वेळ लागतो, पंखा-दिव्याला कळत नाही पण संगणक तेवढ्यात मरतो. यूपीएस मोडवर करा. दुसरं, इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर वर्कस्टेशनच्या सप्लायला ते सोसत नाही, गुरगुर आवाज येतो किंवा तो बंद पडतो, साइन वेव्हच हवा.

किती वेळ चालेल ते बघू. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास, पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही खातो, त्यामुळे हाताशी आठ-नऊशे वॅट-तास धरा. १२० वॅटचं मशीन त्यावर सात तास, आणि त्यात घराचे पंखे-दिवे आले की तीन-चारच. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आलं त्यानंतर तुमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती हे तुम्हाला मी काय सांगू. लाइट गेल्यावर सर्व्हर चालू ठेवायचाच नाही असंच धरून चाला. एक लहान यूपीएस फक्त सर्व्हरला लावा, त्याची यूएसबी वायर सर्व्हरला जोडा, मग एनयूटी नावाचं सॉफ्टवेअर पाच मिनिटं लाइट आली नाही तर मशीन नीट बंद करतं. इन्व्हर्टर माणसांच्या पंख्याला राहू दे.

अर्थिंग एकदा तपासून घ्या. आपल्याकडे जांभ्यावर, कातळावर घरं, तिथे अर्थिंगचा खड्डा नीट लागत नाही आणि उन्हाळ्यात तर पार कोरडा पडतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वायरमनला बोलवा, त्याआधी सर्व्हरचा विषयच काढू नका. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की प्लग तर काढाच पण लॅनची वायरही काढा, अर्धी मशिनं वायरीतूनच जळून येतात.

प्रश्न (दापोली): सरळ विकून टाकून छोटा मिनी पीसी घेतला तर? मुलगा म्हणतो एन १०० घ्या.

उत्तर: काका, हे तुम्ही सर्व्हर किती तास चालवता यावर आहे. एन १०० हा इंटेलचा २०२३ चा सहा वॅटचा प्रोसेसर, त्याचा पीसी आणि एक-दोन डिस्क धरून सगळे मिळून वीस वॅट धरू, २४ तास चालवला तरी महिन्याला १४-१५ युनिट. जुनी १४२ वॅटची मशीन २४ तास चालवत असाल आणि खरोखर चालवावीच लागत असेल, तर महिन्याला ८७ युनिट, हजार रुपयांच्या वर वाचतात. समजा नवा पीसी १२ हजारांना पडला तर वर्षाच्या आत वसूल. मुलाचं बरोबर.

पण तीच जुनी मशीन पाच तासच चालत असेल तर फरक आठ-नऊ युनिटचा, महिन्याला शंभर रुपये, १२ हजार वसूल व्हायला दहा वर्षं. मग घेऊ नका, त्याच पैशात बॅकअपसाठी चांगली मोठी डिस्क घ्या. मध्यममार्ग म्हणून ऑफिसातून निघालेला सहाव्या पिढीचा आय ३ किंवा आय ५ वाला लहान डेस्कटॉपही चांगला, एक डिस्क धरून वीसेक वॅटमध्ये बसतो, मात्र आत डिस्कला जागा एक-दोनच. आणि चार मोठ्या डिस्क यूएसबीच्या स्वस्त डब्यात घालून लटकवू नका, मला ते कधीच भरवशाचं वाटलेलं नाही.

प्रश्न (मालवण): आमचं होमस्टे आहे. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग याच सर्व्हरवर होतं म्हणून बंद करता येत नाही. छपरावर सोलर लावला की बिलाचाही प्रश्न मिटेल आणि लाइट गेल्यावरही सर्व्हर चालेल ना?

उत्तर: ताई, पहिलं होईल, दुसरं नाही. ग्रिडला जोडलेला सोलर लाइट गेली की स्वतःही बंद होतो, भर उन्हात सुद्धा, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तसं करणं बंधनकारक आहे. बॅटरीवाला हायब्रिड घेतला तरच चालेल आणि तो बराच महाग. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छपरासाठी तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत केंद्राचं अनुदान आहे, पण होमस्टेचं मीटर घरगुती आहे की व्यापारी ते आधी महावितरणमध्ये विचारून घ्या.

पण सोलरच्या आधी कॅमेरे त्या सर्व्हरवरून काढा. चार कॅमेऱ्यांसाठी अख्खं वर्कस्टेशन जागं ठेवणं म्हणजे एका खोलीसाठी जनरेटर चालवणं. एक डिस्कचा साधा एनव्हीआर, म्हणजे फक्त कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, घ्या, डिस्क धरून पंधरा-वीस वॅटमध्ये रात्रंदिवस चालतो, आणि पाहुण्यांचे कागद, घरचे फोटो असलेला सर्व्हर संध्याकाळपुरता ठेवा. रेकॉर्डिंगमुळे डिस्क कधीच झोपत नव्हती तीही झोपेल.

प्रश्न (राजापूर, सध्या मुंबई): सर्व्हर गावच्या घरी आहे, चुलते होते तोपर्यंत चालू होता, आता घर मे अखेरपासून गणपतीपर्यंत बंद असतं. विजेसाठी बंद ठेवला तर पावसाळ्यात खराब होईल का?

उत्तर: होईल, तशी शक्यता बरीच आहे. चालू मशीन आतून कोमट असते म्हणून दमट हवा तिच्यात फार टिकत नाही, बंद मशीन मात्र खोलीएवढीच ओली. त्यात समुद्राकडची खारी हवा. बंद घरात तीन महिने राहिलेली एक मशीन उघडली होती, रॅमच्या सोनेरी दातांवर हिरवट थर, सप्लायच्या जाळीत पालीची अंडी आणि पंख्यावरची धूळ ओल्या पिठासारखी चिकटलेली. म्हणून बंद घरात सर्व्हर ठेवूच नका. जायच्या आधी सगळ्या डिस्क काढून घ्या, पुठ्ठ्यात नको, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून मुंबईला घेऊन या. मशीनचा प्लग आणि लॅनची वायर काढून ठेवा, जुनी सुती चादर वरून टाका, प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो.

गणपतीला घर उघडलं की चाकरमानी मंडळी सगळे मोबाइल घेऊन फोटो टाकायला बसतात, पण आल्या आल्या बटण दाबू नका. आधी एक दिवस कॅबिनेट उघडून खोलीत पंखा लावून ठेवा. धूळ ब्रशने काढा, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या दातांवर खोडरबर फिरवा, सप्लायच्या जाळीतून बॅटरी मारून आत पाल-मुंगी आहे का बघा. डिस्क न जोडता पंधरा मिनिटं चालू ठेवा, वास किंवा आवाज काही वेगळा नाही ना ते बघा. मग बंद करून डिस्क एकेक करत जोडा, आणि नवीन फोटो घ्यायच्या आधी जुन्यांची एक कॉपी पोर्टेबल डिस्कवर काढून ती परत मुंबईच्या बॅगेत टाका.